विल्ट देऊन करी घ्यावा का? दोन काळांतल्या एका कागदी ट्रेडचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आम्ही काही मराठी मंडळी दर दुसऱ्या शनिवारी जमतो. आठ जण, आठांचे आठ बास्केटबॉल संघ. संघ कागदावरचे, खेळाडू मात्र खरे. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, इतिहासातला कोणीही खेळाडू घ्यायचा, पण त्याचा एकच हंगाम घ्यायचा. नुसतं ‘जॉर्डन’ लिहून चालत नाही, ‘जॉर्डन १९९०-९१’ असं लिहावं लागतं. सामना लागला की दोन्ही मालकांनी वीस-वीस मिनिटं आपली बाजू मांडायची आणि उरलेल्या सहा जणांनी मत द्यायचं. मी नववा. माझा संघ नाही. वही माझ्याकडे असते, मतं तीन-तीन पडली तर निकाल माझा, आणि ट्रेड, म्हणजे मालकांमधली खेळाडूंची अदलाबदल, मंजूर करायचं कामही माझंच. या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.

प्रकरण दोघांचं. एक काका, वय सत्त्याहत्तर. १९७१ साली एमएस करायला लॉस एंजेलिसला आले आणि त्याच हिवाळ्यात कोणीतरी दिलेल्या तिकिटावर तिथल्या लेकर्स संघाचा सामना बघायला गेले. त्या हंगामात लेकर्सनी सलग ३३ सामने जिंकले होते. कपाळाला पट्टी बांधलेला विल्ट चेंबरलेन काकांनी तिथे पहिल्यांदा पाहिला. दुसरी आमच्यातली सगळ्यांत धाकटी, मूळची नागपूरची, कॉलेजच्या संघात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, म्हणून खेळलेली. नोकरीसाठी इकडे आली आणि ओकलंडच्या ओरॅकल अरीनात सगळ्यांत वरच्या, स्वस्त रांगेतून तिने स्टीफन करी पाहिला. सामन्याच्या दीड तास आधी जाऊन बसायची, सराव बघायला. इथे तिला मी धाकटीच म्हणेन.

काकांचा संघ साठच्या दशकातल्या राजांचा होता: चेंबरलेन १९६१-६२, ऑस्कर रॉबर्टसन १९६१-६२, एल्जिन बेलर १९६०-६१. धाकटीकडे करी २०१५-१६, लॅरी बर्ड १९८५-८६ आणि केव्हिन ड्युरंट २०१३-१४.

अडचण

दोघंही हरत होते, आणि दोघांची कारणं एकमेकांच्या उलट होती.

काकांच्या तिघांची सरासरी मांडून बघा. चेंबरलेन ५०.४, बेलर ३४.८, रॉबर्टसन ३०.८. बेरीज ११६ गुण. कागदावर असा संघ हरायलाच नको. पण चेंडू एकच असतो. चेंबरलेन त्या हंगामात सामन्याला साडेएकोणचाळीस शॉट घेत होता. तिघांचे मिळून शॉट ९२ च्या घरात जातात. २०१५-१६ मध्ये एनबीएचा एक अख्खा संघ सामन्यात साधारण ८५ शॉट घ्यायचा. म्हणजे काकांचे उरलेले दोघं चेंडूला हात न लावता खेळले तरी हिशोब बसत नाही. मतं देणाऱ्यांना हे आकड्यात सांगता येत नव्हतं, पण जाणवत होतं, आणि काकांना मतं पडत नव्हती.

धाकटीकडे शॉट मारणारे एकापेक्षा एक, पण बास्केटखाली कोणीच नाही. शकील ओ’नीलचा १९९९-२००० चा हंगाम ज्याच्याकडे आहे त्याने तिला दोनदा लोळवलं.

तेव्हा तिने काकांना फोन केला. “काका, विल्ट द्या, करी घ्या. एकास एक.”

काका म्हणाले, “अगं, पन्नास गुणांचा माणूस देऊन तीसचा घेऊ?” पण फोन ठेवल्यावर त्यांनाही झोप लागली नाही, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

शनिवारी प्रस्ताव वहीत आला आणि सहाही जण तुटून पडले. तिघांचं म्हणणं, काकांची लूट होते आहे: पन्नासच्या बदल्यात तीस, आणि सामन्याला २५.७ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, फुकटात. उरलेले तिघं म्हणत होते की फसवणूक धाकटीची आहे. १९६२ साली सगळे बुटके आणि अर्धवेळ खेळणारे होते, आजच्या एनबीएत चेंबरलेन टिकणारच नाही. एकच ट्रेड, आणि दोन्ही पक्ष एकाच वेळी लुटले जात होते. तीन बैठका यातच गेल्या.

पहिला निर्णय: आकडे एका मापात आणणं

मी ठरवलं की आधी आकडे समान पायावर आणू. हा निर्णय अर्धा बरोबर होता.

१९६१-६२ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी ११८.८ गुण करत असे, २०१५-१६ मध्ये १०२.७. तेव्हा खेळ भरधाव चालायचा, संघ सामन्याला १०७ च्या वर शॉट घ्यायचे आणि त्यातले ४३ टक्क्यांच्या आतच आत जायचे. जितके शॉट चुकणार तितके रिबाउंड हवेत. एका संघाला सामन्याला सुमारे ७१ रिबाउंड मिळत, २०१५-१६ मध्ये सुमारे ४४. चेंबरलेनचा वाटा ४४ वर आणला तर त्याचे २५.७ चे जवळजवळ सोळा होतात. २०१५-१६ मध्ये रिबाउंडमध्ये पहिला आलेल्या आंद्रे ड्रमंडची सरासरी १४.८ होती. म्हणजे आकडा फुगलेला होता हे खरं, आणि फुगा काढल्यावरही माणूस पहिलाच येतो हेही खरं.

मग गुण. चेंबरलेनचे ५०.४ म्हणजे तेव्हाच्या सरासरी संघाच्या गुणांच्या ४२.४ टक्के. करीचे ३०.१ म्हणजे त्याच्या काळातल्या सरासरी संघाच्या २९.३ टक्के. फरक मोठा दिसतो. पण चेंबरलेन सामन्याला ४८.५ मिनिटं खेळत होता आणि करी ३४.२. चेंबरलेनचा वाटा करीच्या मिनिटांवर आणला की २९.९ टक्के होतो. मी हे तीनदा ताडून पाहिलं. चौपन्न वर्षांच्या अंतरावरचे दोघं मिनिटाला जवळजवळ सारखंच ओझं उचलत होते.

तिसरं गणित कार्यक्षमतेचं. फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट, धरून दर शंभर प्रयत्नांमागे चेंबरलेनचे सुमारे १०७ गुण होतात आणि तेव्हाची सरासरी ९६ होती. करीचे सुमारे १३४, त्याच्या काळाची सरासरी १०८. चेंबरलेन आपल्या काळाच्या अकराने वर, करी सव्वीसने.

हा तक्ता मी बैठकीत वाचून दाखवला आणि माझा आवाज निकाल देणाऱ्याचा झाला. खोली शांत झाली. मग काका म्हणाले, “तू त्याची मिनिटं कापलीस. पण ती मिनिटं तो खेळला ना? ती पण त्याचीच कमाई.”

काकांचं म्हणणं बिनतोड होतं. त्या हंगामात चेंबरलेन ३,८८२ मिनिटं खेळला. शक्य होती त्यापेक्षा फक्त आठ कमी, आणि तीही एका सामन्यात पंचांनी बाहेर काढलं म्हणून. सामना ४८ मिनिटांचा असताना सरासरी ४८.५ भरते ती जादा वेळेच्या सामन्यांमुळे. माझ्या भागाकारात त्याच्या दमाची किंमत शून्य झाली होती. आज कोणी प्रशिक्षक कुणाला इतका वेळ ठेवणार नाही हा मुद्दा वेगळा, आणि तो नियमांकडे आणि काळाकडे नेणारा मुद्दा आहे. तिकडे मी अजून वळलोच नव्हतो.

समोर असलेले पर्याय

चौथ्या बैठकीच्या आधी वहीत पर्याय लिहून काढले.

ट्रेड आहे तशी मंजूर करावी, दोघं जाणते आहेत. हा सगळ्यांत सोपा पर्याय होता, आणि मला आजही त्यात फार वावगं वाटत नाही. फक्त पुढच्या प्रत्येक सामन्यात हाच वाद उकरला गेला असता.

फेटाळावी. तीन जण त्यासाठी अडून बसले होते. पण कारण काय लिहायचं? लूट कुणाची हेच ठरलेलं नव्हतं.

आकडे कायमचे एका मापात आणून मगच ट्रेड करायची. म्हणजे वहीत चेंबरलेन ‘दुरुस्त’ आकड्यांनी लिहायचा. याला धाकटीनेच विरोध केला. “मग आपण माणूस घेत नाही, आपण गणित घेतो,” ती म्हणाली.

आणि चौथा पर्याय, जो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता: सामना कोणत्या काळाच्या नियमांनी खेळायचा हे आधी ठरवायचं.

दुसरा निर्णय: नियम कोणते?

इथे वेळ घालवला तो सार्थकी लागला. करीला १९६२ मध्ये नेऊन बघू. थ्री-पॉइंट रेषा, जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन गुण मिळतात, एनबीएत आली १९७९-८० मध्ये. करीने २०१५-१६ मध्ये ७९ सामन्यांत ४०२ थ्री मारले, सामन्याला पाचच्या थोडे वर. रेषा पुसली की त्या प्रत्येक शॉटचा एक गुण जातो आणि ३०.१ चे २५ उरतात. इथवर सगळ्यांनी मान डोलावली.

मग धाकटीने सांगितलं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं. “वरून बघताना चेंडूकडे बघायचंच नाही,” ती म्हणाली. “करी मध्यरेषा ओलांडून आला की त्याचा माणूस तिथेच हात वर करून उभा. बास्केटपासून तीस फुटांवर. दुसराही धावत यायचा. मागे चार जण तिघांशी खेळायचे.” तिने टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या सरकवून दाखवलं: दोन बाटल्या दूर कोपऱ्यात, आणि बास्केटजवळ मोकळं पडलेलं लाकूड. “रेषा नसेल तर तीस फुटांवर कोण कशाला येईल? मारू दे म्हणतील लांबून, दोनच मिळणार. मग हे मैदान बंद होतं.” म्हणजे नुकसान पाच गुणांचं नाही. बाकीच्या चौघांना मिळणारी मोकळी जागाही जाते. शिवाय तेव्हाचे पंच ड्रिबल करताना चेंडूखाली हात गेला की शिट्टी वाजवायचे, करीचं निम्मं हस्तकौशल्य तिथेच अडकलं असतं.

आता चेंबरलेनला २०१६ मध्ये आणू. १९६१-६२ मध्ये बास्केटसमोरचा रंगीत पट्टा १२ फुटांचा होता, १९६४ मध्ये तो १६ फुटांचा केला. पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणजे त्या नियमामुळे त्याला दोन-दोन फूट बाजूला उभं राहावं लागणार. तेव्हा झोन डिफेन्सला, म्हणजे आपला माणूस सोडून जागा राखण्याला, बंदी होती, २००१-०२ पासून परवानगी आहे, म्हणजे चेंडू हातात यायच्या आधीच दोघं-तिघं अंगावर. पण बचावाच्या बाजूनेही तीन सेकंद आहेत, त्यामुळे पट्ट्यात कायमचं कुणी तळ ठोकू शकत नाही. ‘सगळे बुटके होते’ हा मुद्दा मात्र टिकला नाही. बॉस्टनचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बिल रसेल सहा फूट दहाच्या आसपास, वॉल्ट बेलामी सहा फूट अकरा. नऊच संघांची लीग होती, त्यामुळे रसेलसारख्या माणसाशी हंगामात पुन:पुन्हा गाठ. आणि सात फूट एक उंचीचा चेंबरलेन कॅन्सस विद्यापीठात उंच उडीतही उतरलेला खेळाडू होता. अशा शरीराला २०१६ चा व्यायाम, आहार आणि विमानप्रवास मिळाला तर काय होईल, हे मी कागदावर लिहायला धजावत नाही.

त्या रात्री आम्ही २ मार्च १९६२ च्या हर्शीच्या सामन्याचं रेडिओ समालोचन ऐकलं. चेंबरलेनच्या शंभर गुणांचा सामना. टीव्हीचं चित्रण नाही, चौथ्या क्वार्टरचा आवाज तेवढा उरला आहे. चेंबरलेनचा संघ वॉरियर्स १६९, निक्स १४७. शॉट ६३ पैकी ३६, आणि फ्री थ्रो ३२ पैकी २८. फ्री थ्रोत शकील कच्चा, त्यामुळे शेवटचा आकडा ऐकून शकीलवाल्याने मान खाली घातली.

निर्णय असा झाला: ज्याच्या घरी सामना त्याने काळ निवडायचा, आणि तो निदान एक बैठक आधी जाहीर करायचा. दोन्ही संघ त्याच नियमांनी खेळणार.

तिसरा निर्णय: कोणता विल्ट?

नियम ठरले तरी काका अडून होते. पन्नासचा आकडा त्यांच्या हातून सुटत नव्हता. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “काका, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेला विल्ट किती शॉट मारायचा?”

ते थांबले. “फार नाही रे. तो मारायचाच नाही. रिबाउंड घेतला की खाली यायच्या आत चेंडू वेस्ट नाहीतर गुडरिचकडे.” म्हणजे लेकर्सच्या दोन गार्डांकडे.

त्या १९७१-७२ च्या हंगामात चेंबरलेनची सरासरी होती १४.८ गुण आणि १९.२ रिबाउंड. लेकर्सनी ६९ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवलं. काकांनी अर्धं शतक मनात जपलेला माणूस वहीतल्या माणसापेक्षा निराळा होता.

मग मी १९६६-६७ चा हंगाम पुढे ठेवला. २४.१ गुण, २४.२ रिबाउंड, ७.८ असिस्ट (ज्यावर साथीदार गुण करतो ते पास), आणि १०० पैकी ६८ शॉट आत. सामन्याला फक्त चौदा शॉट. फिलाडेल्फियाने ६८ जिंकले, १३ हरले, आणि बॉस्टनची सलग आठ अजिंक्यपदांची साखळी तोडली. १९६१-६२ मध्ये ५०.४ करूनही त्याचा संघ बॉस्टनशी सातव्या सामन्यात हरला होता, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू रसेल ठरला होता.

धाकटीने तो हंगाम बघताच होकार दिला. बर्ड आणि ड्युरंट असताना तिला शॉट मारणारा तिसरा कशाला? काकांना मात्र वाटत होतं की पन्नासऐवजी चोवीसचा माणूस देऊन आपण पोरीला फसवतो आहोत. “ही अदलाबदल मला शोभत नाही,” असं ते म्हणाले. मी त्यांना खऱ्या बाजाराची आठवण दिली. जानेवारी १९६५ मध्ये चेंबरलेन फिलाडेल्फियाला गेला तो तीन खेळाडू आणि दीड लाख डॉलरच्या बदल्यात, आणि त्या तिघांतला एक जण नव्या संघाकडून खेळलाच नाही. १९६८ मध्ये तो लेकर्सकडे आला तेव्हाही तीनच खेळाडू मिळाले, त्यांतला एक डॅरल इमहॉफ, म्हणजे हर्शीच्या त्या रात्री समोर उभा असलेला सेंटर. जे मालक त्याला रोज बघत होते त्यांनीही गुणांच्या आकड्यावर किंमत ठरवली नव्हती.

काकांनी स्वतः पेन घेतलं. ‘६१-६२’ वर एक रेघ मारली, ‘६६-६७’ लिहिलं, आणि बाजूला सही केली. करी २०१५-१६ त्यांच्या पानावर आला. दोघंही मुळात वॉरियर्सचे, एक फिलाडेल्फियातला आणि एक ओकलंडचा, हे तेव्हा कुणीतरी बोललं आणि काका पहिल्यांदा हसले.

परिणाम

धाकटीने पहिल्याच सामन्यात शकीलच्या संघाला चार-दोनने हरवलं. काळ २०१६ चा होता. बर्ड बाहेर, ड्युरंट बाहेर, मध्ये चेंबरलेन चेंडू वाटतो आहे, हे चित्र मतं देणाऱ्यांना पटलं. दुसरा सामना ती हरली, आणि त्यात दोष माझ्या घाईचा होता. त्या हंगामात चेंबरलेनचे फ्री थ्रो शंभरात ४४ जात होते. हे वहीत होतं, पण चर्चेत मी आणलंच नाही. प्रतिस्पर्ध्याने सांगितलं: चौथ्या क्वार्टरला चार मिनिटं उरली की चेंडू कुठेही असो, मी विल्टला फाउल करणार. २०१५-१६ च्या नियमांत चेंडूपासून लांब मुद्दाम केलेल्या फाउलला जादा शिक्षा होती ती शेवटच्या दोन मिनिटांतच. त्याआधीची दोन मिनिटं मोकळी. तिला चेंबरलेनला बाकावर बसवावं लागलं, आणि बाकावरून कोणी रिबाउंड घेत नाही.

काकांचं उलट झालं. रॉबर्टसनच्या शेजारी करी आल्यावर त्यांचा संघ एकदम हलका झाला, २०१६ च्या काळात तीन सामने ओळीने जिंकले. मग करीम अब्दुल-जब्बारचा १९७०-७१ चा हंगाम ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी १९७१ च्या नियमांनी सामना लागला. रेषा नाही, काकांकडे सेंटर नाही. सहाच्या सहा मतं विरुद्ध.

काय वेगळं करता आलं असतं

नियमांचा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारला असता तर तीन शनिवार वाचले असते. त्या तीन शनिवारांत दोन जणांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, ते पूर्ववत व्हायला महिना लागला.

तक्ता वाचण्याआधी मी काकांना आणि धाकटीला बोलू द्यायला हवं होतं. तिने बाटल्या मांडून दाखवलेली मोकळी जागा आणि काकांनी सांगितलेला तो पहिला पास, या दोन गोष्टी माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हत्या. आकडे नंतर आले असते तर ते त्या पाहण्याला आधार म्हणून आले असते. आधी आल्यामुळे त्यांनी पाहणाऱ्यांना गप्प केलं. आणि मिनिटांच्या भागाकाराशेजारी ‘हा खेळाडू इतकी मिनिटं खेळू शकत होता’ हे त्याच ओळीत लिहायला हवं होतं. आता लिहितो.

फ्री थ्रोची चूक साधी आहे. प्रत्येक ट्रेडमध्ये मिळणाऱ्या माणसाची सगळ्यांत कमजोर बाजू मोठ्याने वाचायची, हा नियम आता वहीच्या पहिल्या पानावर आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सेंटरच्या शोधात काकांनी रॉबर्टसन देऊन रसेल १९६१-६२ मागितला आहे. रसेलचे १८.९ गुण आणि २३.६ रिबाउंड वहीत आहेत, पण त्याची खरी कमाई होती ती अडवलेल्या शॉटची, आणि एनबीएत ब्लॉक मोजायला लागले १९७३-७४ पासून. रसेलचा मालक म्हणतो, अंदाजाने आकडा घाला, नाहीतर मी देत नाही. धाकटी म्हणते, रकाना कोराच ठेवा, ज्याला घ्यायचा त्याने कोऱ्या रकान्यासकट घ्यावा. काकांनी अजून मत दिलेलं नाही. येत्या शनिवारी बैठक त्यांच्याकडेच आहे.